हॉप्सचा गुणदोष नोंदवणारी मठाधिपती

बिअरला कडवटपणा येतो आणि ती लवकर आंबट होत नाही, याचे श्रेय हॉप्स नावाच्या वेलीला जाते. गांजाच्या कुळातील ही वेल युरोपात ओढ्याकाठी आणि कुंपणांवर आपोआप वाढते. तिच्या नर व मादी वेली वेगवेगळ्या असतात आणि बिअरसाठी मादी वेलीचे शंकूच्या आकाराचे फुलोरे वापरले जातात. फ्रान्समधील कॉर्बी मठाच्या इ. स. ८२२ मधील नियमावलीत बिअरसंदर्भात हॉप्सचा उल्लेख आढळतो. मात्र हॉप्समुळे पेय नासत नाही, हे स्पष्टपणे सांगणाऱ्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक नोंद बाराव्या शतकातील एका जर्मन संन्यासिनीची आहे. त्या म्हणजे बिंगेनच्या हिल्डेगार्ड.

हिल्डेगार्ड यांचा जन्म १०९८ मध्ये ऱ्हाईन नदीच्या परिसरातील एका सरदार घराण्यात झाला. बालपणापासून त्यांची प्रकृती नाजूक होती. आईवडिलांनी त्यांना धर्मकार्यासाठी अर्पण केले आणि १११२ मध्ये डिझिबोडेनबर्ग येथील बेनेडिक्टाइन मठालगतच्या बंदिस्त निवासात युट्टा या तपस्विनीच्या छायेखाली त्यांचे व्रतस्थ जीवन सुरू झाले. ११३६ मध्ये युट्टा यांच्या निधनानंतर तेथील संन्यासिनींनी हिल्डेगार्ड यांची प्रमुखपदी निवड केली.

त्या काळी बेनेडिक्टाइन मठ ही स्वयंपूर्ण वसाहतच असे. भाजीपाला, औषधी वनस्पती आणि पेये यांची तजवीज मठाच्या आवारातच होत असे. ऋषिपर्णी, बडीशेप, पुदिना यांसारख्या वनस्पतींचे वाफे हाच आजाऱ्यांसाठीचा औषधसाठा होता. ऱ्हाईनच्या खोऱ्यात द्राक्षांची वाइन मुबलक होती. पण जव आणि ओट यांपासून केलेली बिअरही नित्याचे पेय होते. तिला चव यावी म्हणून 'ग्रूट' नावाचे वनस्पतींचे मिश्रण घालण्याची प्रथा रूढ होती.

११५० च्या सुमारास हिल्डेगार्ड यांनी बिंगेनजवळ, नाहे आणि ऱ्हाईन यांच्या संगमावर, रुपर्ट्सबर्ग येथे स्वतंत्र मठ उभारला. संन्यासिनींबरोबर त्यांच्या देणग्याही जाणार, म्हणून डिझिबोडेनबर्गचे मठाधिपती कूनो यांनी या स्थलांतरास कडाडून विरोध केला होता. हिल्डेगार्ड अंथरुणाला खिळल्या. त्यांचे शरीर जणू दगडासारखे जड झाले. अखेर कूनो यांना नमते घ्यावे लागले. नव्या मठातील कामाच्या दालनांत नळांद्वारे पाणी खेळवलेले होते, असे समकालीन वर्णन उपलब्ध आहे.

रुपर्ट्सबर्गच्या आरंभीच्या वर्षांतच त्यांचे निसर्ग आणि औषधोपचार यांविषयीचे लेखन झाले. 'फिजिका' या ग्रंथातील केवळ वनस्पतींवरील भागातच दोनशेहून अधिक प्रकरणे आहेत. उष्ण-शीत आणि शुष्क-आर्द्र या गुणांवरून त्यांनी प्रत्येक वस्तूची परीक्षा केली. हॉप्सला त्यांनी उष्ण आणि शुष्क ठरवले. ही वेल माणसाला फारशी हितकारक नाही, तिने खिन्नता वाढते आणि आतड्यांना जडत्व येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही तिच्या कडवटपणामुळे पेयातील नासणे थांबते आणि ते अधिक काळ टिकते, हेही त्यांनी तिथेच नमूद केले. ज्याला हॉप्सविना ओटची बिअर करायची असेल, त्याने ग्रूटबरोबर अ‍ॅश वृक्षाची भरपूर पाने उकळावीत, अशी पर्यायी कृतीही त्यांनी दिली. न आवडलेल्या वनस्पतीचा गुण लपवावा, असे त्यांना वाटले नाही.

हाच सडेतोडपणा आयुष्याच्या अखेरीस त्यांना महागात पडला. एकेकाळी बहिष्कृत झालेल्या, परंतु मृत्यूपूर्वी चर्चशी समेट झालेल्या एका सरदाराचे दफन रुपर्ट्सबर्गच्या आवारात झाले होते. ११७८ मध्ये माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी ते शव उकरून बाहेर काढण्याचा आदेश दिला. ऐंशीच्या घरातील हिल्डेगार्ड यांनी नकार दिला. परिणामी मठावर बंदी आली. मिस्सा थांबली आणि प्रार्थनागीते गाण्याची मुभा उरली नाही. सत्तरहून अधिक धर्मगीते रचणाऱ्या या संगीतकार स्त्रीसाठी याहून कठोर शिक्षा नव्हती. त्यांनी पत्रांद्वारे आपली बाजू नेटाने मांडली. मार्च ११७९ मध्ये बंदी उठली आणि १७ सप्टेंबर ११७९ रोजी त्यांनी देह ठेवला.

पुढील शतकांत हॉप्सने ग्रूटला हळूहळू मागे सारले. १५१६ मध्ये बव्हेरियातील प्रसिद्ध आदेशाने बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य केले. हॉप्समधील कडू आम्ले पेय आंबट करणाऱ्या अनेक जिवाणूंची वाढ रोखतात, हे आधुनिक रसायनशास्त्राने दाखवून दिले. रुपर्ट्सबर्गचा मठ १६३२ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झाला. हिल्डेगार्ड यांना २०१२ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी चर्चच्या आचार्यपदाचा सन्मान दिला. हॉप्स माणसाला हितकारक नाही, हे त्यांचे मत बिअर करणाऱ्यांनी मानले नाही. परंतु तिच्या कडवटपणाबद्दल त्यांनी केलेली नोंद मात्र काळाच्या कसोटीवर खरी उतरली.