पुरावा मागणारा व्याकरणकार

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव आपल्याला भेटते ते व्याकरणाच्या तासाला. १८१४ साली मुंबईत जन्मलेल्या या विद्वानाने १८३६ मध्ये, ऐन बाविशीत, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले आणि पुढे मराठीचे पाणिनी अशी ख्याती मिळवली. मला मात्र सुरतेतले दादोबा अधिक जवळचे वाटतात.

ते तेथील इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांचा स्नेह जुळला आणि २२ जून १८४४ रोजी या मित्रमंडळींनी मानवधर्म सभा स्थापन केली. सभेचे दरवाजे सर्वांना खुले असत. मंत्रतंत्राचे सामर्थ्य सांगणाऱ्यांना सभेने जाहीर आव्हान दिले की, चारचौघांसमोर ते सिद्ध करून दाखवा. सांगणारा जातीने वा वयाने मोठा असला की ऐकणाऱ्याने मान डोलवावी, अशी त्या काळची रीत होती. अशा वेळी पुरावा मागणे हेच मोठे धाडस होते.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले. १८४९ मध्ये तेथे परमहंस सभा निघाली, पण तिचे कार्य गुप्तपणे चाले. जातिभेद न मानणारे सभासद समाजाच्या भयाने नावे झाकून ठेवीत. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीस गेली, नावे उघड झाली आणि सभा विस्कटली. दादोबांचे ‘धर्मविवेचन’ही १८६८ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाले. १८८२ मध्ये ते निवर्तले. परक्या गावी उघड प्रश्न विचारणाऱ्या या माणसालाही आपल्या माणसांत ते जड गेले, हे मला फार बोलके वाटते.

त्याच सुरतेच्या बमरोली भागात माझे मामा यंत्रमागावर काम करतात. आजूबाजूला खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. गावाकडची खबर आता मोबाईलवर क्षणात येते, आणि तिच्याबरोबर अफवाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ती अफवा पुढे धाडणारे सगळेच काही निरक्षर नसतील. त्यांना अक्षरे वाचता येत होती, पण मजकूर पारखता येत नव्हता.

व्याकरणात आपण वाक्यातला कर्ता शोधतो. ‘टोळी आली म्हणे’ या वाक्यात टोळी आहे, पण म्हणणारा कोण, हे कोठेच नाही. बातमीतही तोच प्रथम शोधावा. कोणी पाहिले? केव्हा? कोठे? परक्याला हे विचारणे सोपे असते. आपल्याच काकांनी धाडलेल्या मजकुराखाली, स्वतःच्या नावानिशी, ‘याला पुरावा काय?’ असे नम्रपणे लिहिणे अवघड असते. दादोबांचे अपुरे राहिलेले काम मला तेथेच दिसते. मित्रहो, पदवीचे कागद हाती असलेल्या आपण ते नाही करायचे, तर कोणी करायचे?