६०० कैद्यांच्या जेलमध्ये २१ वर्षं एकच म्हातारा होता आणि पहाऱ्याला चार देशांचं सैन्य

पश्चिम बर्लिनच्या स्पांडाऊ भागात लाल विटांचं एक जुनं जेल होतं. १८७६ साली बांधलेलं. साधारण ६०० कैदी मावतील एवढं मोठं. उंच भिंती, काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, सगळं जागच्या जागी.

दर महिन्याच्या १ तारखेला इथला पहारा बदलायचा. एक महिना ब्रिटनचे सैनिक, मग फ्रान्सचे, मग सोव्हिएत रशियाचे, मग अमेरिकेचे आणि पुन्हा ब्रिटनचे. जगात एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले देश इथं मात्र शिस्तीत एकमेकांकडून चाव्या घ्यायचे.

हा सगळा थाट फक्त एका कैद्यासाठी होता. वय वर्षे ९३. नजर अधू झालेली, काठीशिवाय चालता यायचं नाही.

त्याचं नाव रुडॉल्फ हेस. एकेकाळी हिटलरचा डेप्युटी.

हेसचा जन्म २६ एप्रिल १८९४ चा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीकडून लढला. जर्मनी हरली आणि त्या रागातच तो १९२० साली हिटलरच्या पक्षात गेला. १९२३ साली म्युनिकमध्ये सत्ता उलथवायचा डाव फसला तेव्हा हिटलरसोबत हेसही लँड्सबर्गच्या जेलमध्ये होता. हिटलरचं 'माइन काम्फ' तयार होत असताना मदतीला हाच होता.

१९३३ साली हिटलर सत्तेत आला आणि हेस पक्षाचा उपनेता झाला. ज्यू आणि जर्मन यांच्यातल्या लग्नांवर बंदी घालणारा १९३५ चा कायदा आजही इतिहासाच्या पुस्तकात सापडतो. त्यावर हेसची सही आहे. म्हणजे हा काही चुकून अडकलेला माणूस नव्हता.

मग आली १० मे १९४१ ची संध्याकाळ.

हेस जर्मनीतल्या ऑग्सबर्गवरून एकटाच लढाऊ विमान घेऊन उडाला आणि थेट स्कॉटलंडवर पोचला. तिथं पॅराशूटनं उडी मारली आणि एका शेतात उतरला. त्याला ड्यूक ऑफ हॅमिल्टनला भेटून ब्रिटनशी तह करायचा होता. तह राहिला बाजूला, ब्रिटिशांनी त्याला कैदेत टाकलं. तिकडं हिटलरनं त्याला वेडा ठरवून हात झटकले.

तेव्हा हेसचं वय होतं ४७. त्यानंतर तो कधीच सुटला नाही. आधी ४७ वर्षं बाहेर आणि मग ४६ वर्षं आत, असा त्याच्या आयुष्याचा हिशोब झाला.

युद्ध संपल्यावर त्याला न्यूरेंबर्गच्या खटल्यात उभं केलं. तिथं त्यानं आधी आपल्याला काही आठवत नाही असं सांगितलं, मग ते सोंग होतं असंही सांगून टाकलं. त्याचं डोकं ठिकाणावर आहे का यावरही डॉक्टरांची तपासणी झाली. शेवटच्या निवेदनात त्यानं कोर्टाला सांगितलं, की आपल्याला कशाचाही पश्चात्ताप नाही.

१ ऑक्टोबर १९४६ ला निकाल आला. युद्धाचा कट रचणं आणि शांततेविरुद्धचे गुन्हे यात तो दोषी ठरला. युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या आरोपांतून सुटला. शिक्षा झाली जन्मठेप. सोव्हिएत न्यायाधीशांना ही शिक्षा कमी वाटली, त्यांना फाशी हवी होती.

जुलै १९४७ मध्ये सात नाझी कैदी स्पांडाऊला आणले गेले. इथं नावानं नाही तर नंबरानं हाक मारायचे. हेस होता ७ नंबर.

आणि मग एकेक जण बाहेर पडायला लागला.

१९५४ साली नॉयराथ आजारपणामुळं सुटला. १९५५ साली राइडर आणि १९५७ साली फुंक. या दोघांना तर हेससारखीच जन्मठेप होती, पण वय आणि तब्येत बघून त्यांना सोडलं. डोनिट्झ १० वर्षं भोगून १९५६ साली गेला. १९६६ साली श्पेअर आणि शिराख २० वर्षं पुरी करून निघाले.

मागं राहिला ७२ वर्षांचा हेस. एकटाच.

इतकी वर्षं त्यानं बायकोलाही भेटायला नकार दिला होता. १९६९ साली अल्सर फुटून तो मरणाच्या दारात पोचला, तेव्हा कुठं तयार झाला. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला बायको आणि मुलगा हॉस्पिटलमध्ये आले. बाप विमान घेऊन गेला तेव्हा मुलगा साडेतीन वर्षांचा होता, आता ३२ वर्षांचा बाप्या झाला होता. पुढं भेटी सुरू झाल्या, पण स्पर्श करायला परवानगी नव्हती. पत्रं तपासली जायची. हेसला अंतराळाचं वेड लागलं होतं, त्याच्या कोठडीच्या भिंतीवर चंद्राचे नकाशे लावलेले असायचे.

आता प्रश्न पडतो, याला सोडलं का नाही?

सोडायचं तर चारही देशांची संमती लागायची. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स तयार होते. न्यूरेंबर्गमध्ये ब्रिटनकडून खटला चालवणारे हार्टली शॉक्रॉससुद्धा आता याला सोडा म्हणत होते. अडून बसला होता सोव्हिएत रशिया.

रशियाचीही बाजू होती. युद्धात त्यांची दोन कोटींहून जास्त माणसं मेली होती. हेस ब्रिटनला गेला आणि सहाच आठवड्यांत हिटलरनं रशियावर हल्ला केला. ब्रिटनशी तह करून जर्मनीला रशियावर मोकळं सोडायचं, हाच हेसचा डाव होता असं त्यांचं म्हणणं. त्यात हे जेल होतं ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात. ते चालू आहे तोवर सोव्हिएत सैनिकांना पश्चिम बर्लिनमध्ये पाय ठेवायला हक्काची जागा होती.

म्हणजे गुन्ह्याची शिक्षा कुठं संपली आणि शीतयुद्धाचं राजकारण कुठं सुरू झालं, हेच कळेनासं झालं होतं. आजारी राइडर आणि फुंक सुटले, तेव्हा न्याय बुडाला असं झालं नव्हतं. पण ९० पार केलेल्या हेससाठी तोच नियम लागू झाला नाही. त्याच्यासाठी जेलमध्ये लिफ्ट बसवली, हॉस्पिटलचा पलंग आणला. जेलचं हळूहळू वृद्धाश्रम झालं, फक्त दार बाहेरून बंद होतं.

१९८७ साली गोर्बाचेव्ह यांच्या काळात रशिया नरमणार अशा बातम्या यायला लागल्या. पण १७ ऑगस्टला जेलच्या बागेतल्या छोट्या खोलीत हेसनं आत्महत्या केली. हा खून आहे असा आरोप मुलानं शेवटपर्यंत केला, पण अधिकृत चौकशीत आत्महत्याच नोंदवली गेली.

नाझी समर्थकांनी तिथं तीर्थक्षेत्र करू नये म्हणून जेल लगेच पाडलं. त्या जागी ब्रिटिश सैनिकांसाठी शॉपिंग सेंटर उभं राहिलं.

तरी व्हायचं ते झालंच. हेसला बव्हेरियातल्या वुन्झिडेल गावात पुरलं आणि दरवर्षी तिथं निओ-नाझींचे मोर्चे निघायला लागले. ज्याच्या सहीनं माणसांची लग्नं गुन्हा ठरली, तो या लोकांसाठी हुतात्मा झाला. त्याच्या गुन्ह्यांपेक्षा म्हातारपणातल्या कैदेचीच गोष्ट त्यांना सांगायला सोपी होती.

शेवटी २०११ साली थडग्याच्या जागेचा करार संपला. हाडं बाहेर काढली, जाळली आणि राख समुद्रात सोडली. आता तिथं ना जेल आहे, ना थडगं.