विश्लेषण : नोकरी नव्हती, शिक्षण अर्धवट होते; तरीही २९ व्या वर्षी डॉ. आंबेडकर पुन्हा लंडनला कसे गेले? पैसा कुठून आला?

हातची नोकरी गेली आहे, घरी बायको-मुले आहेत, शिक्षण अर्धवट राहिले आहे आणि वय तिशीकडे झुकले आहे. अशा वेळी पूर्णवेळ शिक्षणाकडे परत जायचे तर सगळ्यात आधी पैशाचा प्रश्न उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकर नेमके याच ठिकाणी उभे होते. त्यांच्या पदव्यांची यादी बहुतेकांना माहीत असते. पण दुसऱ्यांदा लंडनला जाताना पैशाची जुळवाजुळव त्यांनी कशी केली, हे फारसे सांगितले जात नाही. ते जाणून घेऊया.

पहिल्या वेळी खर्च कोणी केला?

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना आंबेडकरांना त्यांच्याकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळत होती. बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण २ फेब्रुवारीला वडील रामजी सकपाळ यांचे निधन झाले आणि ती नोकरी तिथेच थांबली.

त्याच वर्षी ४ जूनला बडोदा संस्थानबरोबर करार झाला. अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. त्या बदल्यात परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची होती. त्या काळच्या दराने साडेअकरा पौंड म्हणजे साधारण १७० रुपये. यातच न्यूयॉर्कमधले राहणे, खाणे, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे होते.

कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला. पुढचे शिक्षण सुरू झाले तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. येताना एक काम मात्र त्यांनी करून ठेवले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. म्हणजे मुदत होती ऑक्टोबर १९२१ पर्यंत.

नोकरी का गेली?

परतीचा प्रवास पहिल्या महायुद्धाच्या काळातला होता. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान आणि पुस्तके पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले, ते बडोद्याला जाण्याच्या खर्चासाठी कामी आले.

करारानुसार ते बडोद्याला हजर झाले. पद मोठे होते, पण शहरात राहायला कोणी जागा देईना. कचेरीतले शिपाईसुद्धा शिवाशीव पाळत होते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्याच दिवशी जागा सोडायला सांगून गेला. पर्यायी जागा मिळाली नाही. काही तास एका बागेत काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

दोन परदेशी विद्यापीठांत शिकलेला २६ वर्षांचा तरुण असा बेरोजगार झाला. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला.

मग पैसा कुठून आला?

तीन ठिकाणांहून.

पहिले, स्वतःची बचत. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राज्यअर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना तात्पुरती नोकरी मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. पण परळच्या चाळीतले राहणे त्यांनी सोडले नाही. पत्नी रमाबाईंच्या हाती ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेले लंडनसाठी बाजूला ठेवायचे, असा हिशेब होता. मार्च १९२० मध्ये ही नोकरी सोडली, तेव्हा एकूण जेमतेम १६ महिन्यांचा पगार हाती आला होता. त्याची बेरीज ७,२०० रुपयांच्या आसपास होते आणि त्यातूनच घरखर्चही गेला होता.

दुसरे, मदत. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १,५०० रुपये दिले.

तिसरे, कर्ज. कोलंबियात असतानाचे पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये घेतले. ही रक्कम सिडनहॅममधल्या ११ महिन्यांच्या पगाराहून जास्त होती. परत आल्यावर पगार देणारी नोकरी आहे की नाही, हे माहीत नसताना घेतलेले हे कर्ज होते.

जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. विद्यापीठाने दिलेल्या मुदतीतले सव्वा वर्ष शिल्लक होते.

हिशेब कुठे चुकला?

चूक त्यांची नव्हती, रुपयाची होती. १९२० मध्ये सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला होता. म्हणजे एका पौंडासाठी १० रुपये. हा भाव टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया घसरून एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आणि काही काळ त्याहून खाली आला. आता त्याच एका पौंडासाठी १५ रुपये लागत होते. मुंबईत रुपयांत जमवलेला आणि लंडनमध्ये पौंडांत खर्च होणारा पैसा असा न वापरताच तिसऱ्या हिश्श्याने आटला.

१९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंडांची मदत मागितली. पुढे मे १९२२ मध्ये महाराजांचेच निधन झाले.

लंडनमधला दिवस यातूनच बेतला गेला. सकाळी घरमालकिणीकडचा तुटपुंजा नाश्ता, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, आणि रात्री भूक लागली की भाजलेले पापड. इकडे मुंबईत रमाबाई लहानग्या यशवंतासह काटकसरीने घर चालवत होत्या. हा खर्च कोणत्याही शिष्यवृत्तीच्या कागदावर नव्हता.

शिक्षण पूर्ण झाले का?

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळाली. पुढे बॅरिस्टरही झाले. १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी प्रबंध सादर केला. विषय होता रुपयाचा प्रश्न! ज्या घसरणीने खिसा रिकामा केला, त्याच चलनव्यवस्थेचा तो अभ्यास होता. परीक्षकांनी प्रबंधात बदल सुचवले. पण पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथूनच दुरुस्त प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. मुंबईत वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते, तेव्हा पुन्हा भथेनाच मदतीला आले.

या अनुभवाचे पुढे काय झाले?

१९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद त्यांनी सरकारकडून करून घेतली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना १९४४ मध्ये सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही, त्यांचाही विचार झाला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. सकाळी वर्ग आणि नंतर कचेरी, अशी सोय तिथे होती.

आज अशी वेळ आली तर?

परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची वयोमर्यादा ३५ वर्षे आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षणाला ३५ आणि पीएचडीला ४० वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. २९ वर्षांचा उमेदवार आज दोन्हीकडे बसतो. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची जाहिरात मात्र जरूर वाचावी.

या योजनांतून शुल्क, विमानाचे तिकीट आणि विद्यार्थ्याचा तिथला निर्वाहखर्च निघतो. पण मागे राहिलेल्या घराचे भाडे, मुलांची फी, आधीच्या कर्जाचे हप्ते यांची सोय ज्याची त्यालाच करावी लागते. नोकरी सोडून किंवा गमावून पुन्हा शिकायला जाणारे बहुतेक जण प्रवेश हुकल्याने नव्हे, तर याच रकान्यापाशी अडतात. आंबेडकरांनी तो रकाना बचत, मदत, मित्राचे कर्ज आणि रमाबाईंची काटकसर यांनी भरला. तुम्ही असा निर्णय घेणार असाल, तर फीच्या आकड्याशेजारी घरखर्चाचा आकडा आधी मांडा. आणि शिक्षण मध्येच सोडावे लागलेच, तर निघण्यापूर्वी परत येण्याची लेखी परवानगी घ्या. १९१७ मधल्या त्या एका कागदामुळेच १९२० मध्ये लंडनचे दार त्यांच्यासाठी उघडे राहिले होते.