पायवाट आणि लोहमार्ग : विल्यम वर्ड्स्वर्थचे सरोवर-प्रदेशातील जीवन

विल्यम वर्ड्स्वर्थ मराठी अभ्यासकाला परिचित आहे तो मुख्यतः निसर्गकवी म्हणून. केशवसुतांच्या काव्यविचाराच्या संदर्भात त्याचे नाव वारंवार घेतले जाते, आणि ‘लिरिकल बॅलड्स’ची प्रस्तावना अभ्यासक्रमांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. तथापि आपल्या डोंगराळ प्रदेशात हिंडू इच्छिणाऱ्या प्रवाशांसाठी त्याने एक मार्गदर्शिका लिहिली, आणि पुढे त्याच प्रदेशात येऊ घातलेल्या आगगाडीला प्रखर विरोध केला, ह्या दोन घटना मात्र त्याच्या चरित्राच्या कडेला पडून राहिल्या. वस्तुतः ह्या दोहोंमधील विसंगतीतच त्याच्या निसर्गविचाराचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही प्रकट होतात.

वर्ड्स्वर्थचा जन्म ७ एप्रिल १७७० रोजी वायव्य इंग्लंडमधील कॉकरमथ ह्या गावी झाला. वडील जॉन हे सर जेम्स लोदर ह्या बड्या जमीनदाराचे कायदेविषयक कारभारी होते. १७७८ मध्ये आई आणि १७८३ मध्ये वडील निवर्तले. दरम्यान १७७९ पासून तो हॉक्सहेड येथील शाळेत शिकत होता. तेथे ॲन टायसन ह्या बाईच्या घरी राहून शाळेबाहेरचा वेळ रानावनात घालवण्याची मोकळीक त्याला मिळाली. गोठलेल्या सरोवरावरील घसरणे, कड्यांवरील पक्ष्यांची घरटी धुंडाळणे, चोरून नेलेल्या होडीतून रात्री एकट्याने वल्हवणे हे बालपणीचे अनुभव पुढे ‘द प्रिल्यूड’ ह्या आत्मचरित्रात्मक महाकाव्याचा पाया ठरले. हे काव्य १८०५ मध्ये पूर्ण होऊनही कवीच्या निधनानंतर, १८५० मध्येच प्रसिद्ध झाले.

केंब्रिजमध्ये शिकत असताना १७९० च्या सुटीत रॉबर्ट जोन्स ह्या मित्रासमवेत त्याने फ्रान्स आणि आल्प्समधून पायी प्रवास केला. सिंप्लॉन खिंड नकळत ओलांडली गेल्याचे कळताच दोघांचा झालेला विरस प्रसिद्धच आहे. शिखर गाठण्याच्या क्षणापेक्षा वाटचालीलाच अर्थ असतो, ही जाण त्या अनुभवातून पुढे काव्यरूपाला आली. चालणे ही त्याच्या लेखी करमणूक नव्हती. ती काव्यरचनेची रीतच होती. येरझारा घालीत, ओळी मोठ्याने म्हणत तो कविता रची. आयुष्यभरात तो पावणेदोन लाख मैलांहून अधिक चालला असावा, असा अंदाज डी क्विन्सीने केला होता.

डिसेंबर १७९९ मध्ये वर्ड्स्वर्थ आपली बहीण डॉरथी हिच्यासह ग्रासमिअर येथे राहावयास आला. १८०२ मध्ये मेरी हचिन्सन हिच्याशी विवाह झाल्यानंतरही डॉरथी त्याच घरात राहिली. एका दिवसात होणाऱ्या लहानमोठ्या सहली हा ह्या घराचा नित्यक्रम होता. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्झवॉटर सरोवराच्या काठाने परतताना भावंडांना डॅफोडिलची फुले दिसली. डॉरथीने तो प्रसंग आपल्या रोजनिशीत नोंदवला आणि काही काळाने विल्यमने त्याची कविता केली. कवितेतील प्रवासी एकटा आहे; प्रत्यक्षात मात्र सोबत बहीण होती. ह्या लोपाकडे स्त्रीवादी समीक्षेने योग्य रीतीने लक्ष वेधले आहे.

असाच लोप मार्गदर्शिकेतही घडला. ह्या प्रदेशात प्रवासी येण्याची प्रथा वर्ड्स्वर्थने सुरू केली नव्हती. कवी टॉमस ग्रे १७६९ मध्ये येथे हिंडून गेला होता, आणि टॉमस वेस्टच्या १७७८ मधील पुस्तकाने दृश्य कोठे उभे राहून पाहावे ह्याची ठाणीच निश्चित करून दिली होती. काही प्रवासी तर देखाव्याकडे पाठ फिरवून रंगीत आरशातील त्याचे प्रतिबिंब न्याहाळीत. ह्या पार्श्वभूमीवर १८१० मध्ये जोझेफ विल्किन्सन ह्याच्या चित्रसंग्रहासाठी वर्ड्स्वर्थने निनावी प्रास्ताविक लिहिले. ती चित्रे त्याला स्वतःला फारशी पसंत नव्हती. हाच मजकूर १८२० मध्ये डडन नदीवरील सुनीतांसोबत छापला गेला, १८२२ मध्ये स्वतंत्र पुस्तक झाला आणि १८३५ मध्ये केंडल येथून त्याची विस्तारित पाचवी आवृत्ती निघाली. डॉरथीने १८१८ च्या ऑक्टोबरात मेरी बार्कर ह्या मैत्रिणीसह ९७८ मीटर उंचीच्या स्कॉफेल पाइक ह्या शिखरावर केलेल्या चढाईचे वर्णन ह्या पुस्तकात आले. परंतु तिचे नाव आले नाही.

ह्या मार्गदर्शिकेचे वेगळेपण तिच्या रचनेत आहे. ग्रेट गेबल आणि स्कॉफेल ह्या डोंगरांच्या मधोमध एखाद्या ढगावर उभे राहिल्याची कल्पना करावयास सांगून ती सभोवतीच्या दऱ्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या दाखवते. मग निसर्गाने घडवलेली भूमी, माणसांनी तिला दिलेले रूप आणि अलीकडे घडलेले बदल असे क्रमाने विवेचन येते. मेअखेर ते जूनअखेर हा काळ सहलीस उत्तम. येथील डोंगरांची आल्प्सशी तुलना करू नये. असे व्यवहारोपयोगी सल्लेही आहेत. परंतु लेखकाची खरी कळकळ आहे ती छोट्या स्वतंत्र शेतकऱ्यांच्या ऱ्हासाविषयी, दगडी घरांशेजारी उठून दिसणाऱ्या पांढऱ्याशुभ्र बंगल्यांविषयी आणि परक्या लार्च वृक्षांच्या सरसकट लागवडीविषयी. देखावा हा माणसाच्या श्रमातून आणि वस्तीतून घडतो, हा त्याचा विचार काळाच्या फार पुढचा होता. हा प्रदेश म्हणजे एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता असून पाहण्याची दृष्टी आणि आस्वाद घेणारे मन असलेल्या प्रत्येकाचा तिच्यावर हक्क आहे, अशा आशयाचे विधान तो शेवटी करतो.

ह्या व्यापक हक्काची कसोटी १८४४ मध्ये लागली. दरम्यान कवीच्या जीवनात मोठे स्थित्यंतर घडले होते. फ्रेंच राज्यक्रांतीने भारावलेला हा तरुण १८१३ मध्ये लोदर घराण्याच्या आश्रयाने मुद्रांक-वितरणाच्या सरकारी पदावर आला. त्याच वर्षी तो रायडल माउंट येथे राहावयास गेला, आणि १८१८ च्या निवडणुकीत त्याने त्या घराण्याच्या बाजूने प्रचारही केला. १८४३ मध्ये तो राजकवी झाला. पुढच्याच वर्षी केंडलपासून विंडरमिअर सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधण्याची योजना पुढे आली. वर्ड्स्वर्थने तिच्या निषेधार्थ एक सुनीत लिहिले आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ ह्या वृत्तपत्राला दोन दीर्घ पत्रे पाठवली. त्याच्या युक्तिवादाचा एक धागा मार्गदर्शिकेशी सुसंगत आहे : सृष्टिसौंदर्याची अभिरुची जन्मजात नसते, ती सावकाश आणि सहवासाने घडते, आणि वेगाने आलेली गर्दी ज्यासाठी आली तेच नष्ट करते. दुसरा धागा मात्र त्या अभिरुचीचा अधिकार वर्गावरून ठरवतो. लँकेशरच्या गिरण्यांतील कामगारांना झुंडीने आणण्यापेक्षा त्यांनी आपल्या घराजवळच्या शेतांतूनच सहली काढाव्यात, असे तो सुचवतो. भिकारी, मेंढपाळ आणि वेडावलेली आई ह्यांना काव्यात मानाचे स्थान देणाऱ्या कवीने त्याच वर्गाला प्रेक्षक म्हणून नाकारावे, ही विसंगती केवळ वार्धक्यातील सनातनीपणा म्हणून सोडून देता येत नाही. त्याच्या काव्यातील गरीब माणूस हा बहुधा दृश्याचा भाग असतो. दृश्याचा द्रष्टा म्हणून त्याची कल्पना करणे कवीला नेहमीच जड गेले.

एप्रिल १८४७ मध्ये आगगाडी सुरू झाली. त्याच वर्षी जुलैत त्याची लाडकी कन्या डोरा निवर्तली आणि त्यानंतर कवीने फारसे लेखन केले नाही. २३ एप्रिल १८५० रोजी त्याचे निधन झाले. ग्रासमिअरच्या चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले.

पुढील इतिहासाने त्याच्या दोन्ही धाग्यांचा निवाडा केला. १८८३ मध्ये बॉरोडेल परिसरातील नव्या लोहमार्गाविरुद्ध उभे राहिलेल्या कॅनन रॉन्स्ली ह्यांनी वर्ड्स्वर्थचाच वारसा सांगितला, आणि १८९५ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’च्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. १९०२ मध्ये डर्वेंटवॉटरकाठचे ब्रँडलहाउ हे वन लोकवर्गणीतून विकत घेण्यात आले, तेव्हा देणगीदारांत औद्योगिक नगरांतील श्रमिकही होते. १९५१ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि २०१७ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. राष्ट्रीय मालमत्तेची वर्ड्स्वर्थची कल्पना अशा रीतीने प्रत्यक्षात उतरली. परंतु ज्यांच्या दृष्टीविषयी त्याने शंका घेतली होती, त्यांच्याही हातभाराने ती उतरली. निसर्गकवी ह्या एका शब्दात त्याला बंदिस्त करण्यापूर्वी निसर्ग कोणी पाहावा ह्या त्याच्या अनुत्तरित प्रश्नाचाही विचार होणे आवश्यक आहे.