देवळालीचे कापरेकर मास्तर

मावळातल्या एका बँक शाखेत मी रुजू झालो तेव्हा लेजर हाताने लिहावे लागे. एका पावसाळ्यात बॅलन्सिंग जुळेना. रात्र झाली, शेवटची लोणावळा लोकल चुकायची वेळ आली. फरक ४५०० रुपयांचा. साहेबांनी तो नऊने भागून पाहिला, नि:शेष भाग गेला आणि आकडे उलटसुलट पडले असणार हे त्यांनी ओळखले. ७२१८ चे २७१८ मीच केले होते. आकड्यांच्या जागा बदलल्या की येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची ६१७४ ही संख्याही नवाच्या पटीतलीच. ती त्यांना १९४९ मध्ये सापडली. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारी आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. माझे ४५०० पाचव्या फेरीत तिथे पोचले: ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, ज्योतिषाचा नाद असलेले. आकड्यांचे वेड बहुधा घरातूनच आले. ठाण्यात शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ मध्ये बी. एससी. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर.

डोंबिवली म्हणजे त्या काळची डेम्लो. तिथे स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनचेच नाव दिले. नऊ एकांच्या संख्येचा वर्ग करा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडे, नवापर्यंत चढण, मग उतार. आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला पूर्ण भागही जातो. दहा एकांचा वर्ग केला की हातचे घुसतात आणि डोंगर ढासळतो. (आमचा बोरघाट असा नाही. लोणावळ्यापर्यंत दमछाक, पुढे पुण्याकडे उतार अगदी सौम्य.)

याचा उपयोग काय, असे बँकवाले विचारणारच. मीही विचारले असते. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी हा पोरखेळ मानला. मला ते पटत नाही. मुलाला वजाबाकीची गोडी लावणारे गणित क्षुल्लक कसे? मास्तर मात्र स्वतःच्या छोट्या पुस्तिका काढत राहिले. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या केल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते सत्तरीत होते.

१९८६ मध्ये कापरेकर गेले. त्या सुमारास मी लेजरातले फरक नऊने भागत होतो, आणि मला त्यांचे नावही ठाऊक नव्हते.