विजेच्या तारांची गणिती : एडिथ क्लार्क

आमच्या विहिरीवरच्या पंपाला वडिलांनी एक लहानशी डबी जोडून घेतली, तेव्हा तिचा उपयोग काय, असे मी विचारले. कपॅसिटर आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. पंपाला लागणारा काही प्रवाह प्रत्यक्ष काम न करता तारांतून नुसता ये-जा करतो. तो जागच्या जागी पुरविला की दूरवरच्या तारांवरची गर्दी कमी होते, हे पुढे महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या सरांनी मला सांगितले. मी कला शाखेची विद्यार्थिनी, गणिताला भिणारी. पण सरांनी बोलता बोलता एडिथ क्लार्कचे नाव घेतले आणि मी तिच्या चरित्राच्या शोधाला लागले.

एडिथचा जन्म १८८३ साली अमेरिकेतील मेरीलँडमध्ये झाला. बाराव्या वर्षी ती पोरकी झाली. वाट्याला आलेला वारसा तिने शिक्षणावर खर्च केला आणि १९०८ साली व्हॅसर कॉलेजातून गणित व खगोलशास्त्र घेऊन पदवी मिळविली. (आमच्याकडे असा पैसा आधी लग्नासाठी बाजूला पडतो!) काही वर्षे शिक्षिकेची नोकरी केल्यावर ती १९१२ साली एका टेलिफोन कंपनीत 'कॉम्प्युटर' म्हणून लागली. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे. अभियंत्यांसाठी आकडेमोड करणारे माणूस. १९१९ साली एम.आय.टी.ची विद्युत अभियांत्रिकीतील मास्टर्स पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. तरीही अभियंत्याची जागा तिला कोणी देईना. जनरल इलेक्ट्रिकने घेतले, ते आकडेमोड करणाऱ्या मुलींवर देखरेख करण्यासाठी!

तेथे तिने लांब तारांची क्लिष्ट समीकरणे आलेखाच्या आधारे सोडविणारे एक साधन तयार केले. अडीचशे मैलांपर्यंतच्या वाहिनीचे गणित त्यामुळे सुमारे दहापट लवकर होऊ लागले. १९२१ साली तिने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि नोकरी सोडून सरळ कॉन्स्टँटिनोपलच्या महिला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायला निघून गेली. मला तर हा तिच्या आयुष्यातील सर्वांत बाणेदार प्रसंग वाटतो. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने तिला परत घेतले, आणि या वेळी अभियंता म्हणून.

तिच्यापुढचा प्रश्न असा होता. तार तापून वितळण्याच्या कितीतरी आधीच लांब वाहिनीची वीज वाहण्याची मर्यादा संपते. त्यापुढे जोर केला की दोन्ही टोकांची यंत्रे एकमेकांच्या तालात राहत नाहीत. वाळत घातलेल्या कपड्यांनी दोरी मध्येच झोळते, तेव्हा आई खालून दांडी लावते ना, तसा आधार विजेच्या दाबालाही देता येतो. त्या काळी हे काम सिंक्रोनस कंडेन्सर नावाची, ओझ्याविना फिरणारी अवजड यंत्रे करीत. अशी यंत्रे वाहिनीच्या वाटेवर मधूनमधून बसवावीत, असे फ्रँक बॉम या अभियंत्याने १९२१ साली सुचविले होते.

पण दांडी लावायची कोठे? नुसत्या गणिताप्रमाणे पाहिले तर दाब ऐन मध्यावर सांभाळला असता मर्यादा दुप्पट होते. तेच यंत्र टोकापासून दहाव्या हिश्श्यावर बसविले तर वाढ जेमतेम अकरा टक्के! यंत्र तेच, खर्च तोच. आणि खऱ्या जाळ्यात एकच सरळ दोरी नसते, शेकडो गाठी असतात. म्हणून यंत्र उभारण्याआधी मर्यादा कागदावर काढता येणे याला मोल होते. १९२६ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या अधिवेशनात एडिथने याच स्थैर्यमर्यादेच्या गणितावर निबंध वाचला. त्या व्यासपीठावर निबंध वाचणारी ती पहिली स्त्री. १९४१ साली सेल्डन क्रॅरी यांच्यासह लिहिलेला तिचा निबंधही लांब पल्ल्याच्या वाहिन्यांच्या स्थैर्यमर्यादेवरच होता. तीन तारांचे गणित सोपे करणारी तिची 'क्लार्क रूपांतर' ही रीत दाब सांभाळणाऱ्या आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या नियंत्रणातही वापरतात.

१९४५ साली निवृत्त होऊन ती मेरीलँडमधील आपल्या शेतावर राहायला गेली. शेती दोनच वर्षे टिकली. १९४७ साली टेक्सास विद्यापीठाने बोलाविले आणि विद्युत अभियांत्रिकीची देशातील पहिली महिला प्राध्यापक म्हणून तिने १९५६ पर्यंत तेथे शिकविले. मग ती पुन्हा मेरीलँडला परतली. १९५९ च्या ऑक्टोबरात तिचे निधन झाले.