निळ्या शिरस्त्राणांचा शिल्पकार

संयुक्त राष्ट्रसंघाकडे स्वतःचे सैन्य नाही, भूमी नाही आणि कर वसूल करण्याचा अधिकारही नाही. अशा संस्थेचा सर्वोच्च अधिकारी दोन महासत्तांच्या शीतयुद्धात करू तरी काय शकतो? या प्रश्नाचे उत्तर स्वीडनच्या डॅग हॅमरशोल्ड यांनी आपल्या कार्याने दिले आणि अखेर प्राणांचे मोलही मोजले.

२९ जुलै १९०५ रोजी जन्मलेल्या हॅमरशोल्ड यांचे वडील पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वीडनचे पंतप्रधान होते. सार्वजनिक सेवेचे संस्कार घरातूनच मिळाले. अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविल्यानंतर त्यांनी मध्यवर्ती बँकेत व पुढे परराष्ट्र खात्यात जबाबदारीची पदे भूषविली. १९५३ मध्ये ट्रिग्वे ली यांच्या जागी सरचिटणीसपदी त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ होते. हा मितभाषी अर्थतज्ज्ञ निमूटपणे कारभार सांभाळील, अशीच बड्या राष्ट्रांची अपेक्षा होती. ती लवकरच फोल ठरली.

कोरियन युद्धात पकडलेल्या ११ अमेरिकी वैमानिकांना चीनने हेर ठरवून तुरुंगात टाकले होते. कम्युनिस्ट चीनला त्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघात स्थान नव्हते आणि आमसभेने चीनचा निषेध केला होता. त्या ठरावाचा दूत म्हणून गेल्यास दार बंद होईल, हे हॅमरशोल्ड यांनी ओळखले. सनदेने सरचिटणीसाला दिलेल्या स्वतंत्र अधिकाराचा आधार घेऊन जानेवारी १९५५ मध्ये ते पेकिंगला गेले व चाऊ एन लाय यांना भेटले. ऑगस्टमध्ये वैमानिकांची मुक्तता झाली. गाजावाजा टाळून केलेली मुत्सद्देगिरी ही त्यांची ओळख बनली.

१९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. सुरक्षा परिषद नकाराधिकारामुळे निष्प्रभ झाली, तेव्हा प्रश्न आमसभेपुढे आला. कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांनी शांतिसेनेची कल्पना मांडली. तिला आकार दिला हॅमरशोल्ड यांनी. यजमान देशाची संमती, निःपक्षपातीपणा आणि केवळ स्वसंरक्षणार्थ शस्त्रवापर ही तत्त्वे तेव्हाच रुजली. निळ्या शिरस्त्राणांचे सैनिक त्याच नोव्हेंबरात इजिप्तमध्ये उतरले. त्यांत भारतीय जवानही होते.

काँगोत मात्र याच तत्त्वांची कसोटी लागली. ३० जून १९६० रोजी बेल्जियमपासून स्वतंत्र झालेल्या या देशात काही दिवसांतच सैन्याने बंड केले, बेल्जियमचे सैनिक परतले आणि खनिजसंपन्न कटांगा प्रांत फुटून निघाला. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना शांतिसेनेने कटांगाचे बंड मोडून काढावे असे वाटत होते. अंतर्गत संघर्षात पक्ष घेण्यास हॅमरशोल्ड यांनी नकार दिला. जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबा यांची कटांगात हत्या झाली. हजारो शांतिसैनिक देशात असताना लोकनियुक्त नेत्याचे प्राण वाचू शकले नाहीत, हा डाग त्या मोहिमेवर कायमचा राहिला. तटस्थता कोठे संपते आणि निष्क्रियता कोठे सुरू होते, हा प्रश्न पुढे रवांडा व बोस्नियातही संयुक्त राष्ट्रसंघाला छळत राहिला.

सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्यांचा राजीनामा मागितला आणि एका सरचिटणीसाऐवजी तिघांचे मंडळ नेमण्याचा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रसंघाची खरी गरज महासत्तांना नव्हे, तर लहान देशांना आहे, अशी भूमिका घेत हॅमरशोल्ड पदावर ठाम राहिले. आशिया-आफ्रिकेतील अनेक नवस्वतंत्र राष्ट्रांनी त्यांना पाठबळ दिले.

सप्टेंबर १९६१ मध्ये कटांगात शांतिसेना व फुटीरांच्या फौजा यांच्यात लढाई पेटली. युद्धबंदीसाठी फुटीर नेते मोइझ त्शोंबे यांना भेटण्यास निघालेल्या हॅमरशोल्ड यांचे विमान १७ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर, आजच्या झांबियातील एन्डोला गावाजवळ कोसळले. विमानातील सर्व १६ जणांचा अंत झाला. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मरणोत्तर देण्यात आले.

हा अपघात होता की घातपात, याचा निर्णायक निकाल अद्याप लागलेला नाही. वैमानिकाची चूक, हा ऱ्होडेशियातील चौकशीचा निष्कर्ष सर्वांना पटला नाही. नव्या पुराव्यांमुळे संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ पासून पुन्हा चौकशी हाती घेतली. परंतु काही सदस्य राष्ट्रांनी आपली गोपनीय कागदपत्रे पूर्णपणे खुली केलेली नाहीत. सदस्य राष्ट्रांच्या सहकार्याविना ही संस्था किती असहाय ठरते, याची साक्ष तिच्या सर्वांत कर्तबगार सरचिटणीसाचा मृत्यूच आजही देत आहे.